बारशाचा पाळणा आणि बोटीतली जागा

माझ्या भावाला कॅनडात मुलगी झाली तेव्हा मी बॉस्टनला शिकत होते. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि आत्या मी एकटीच. शिवाय इथल्या एका काकूंचा सागवानी पाळणा न्यायचा होता. आसपासच्या प्रत्येक मराठी बाळाचं बारसं त्यातच व्हायचं.

बारसं बाराव्या दिवशी. अकराव्या दिवशी सकाळी माझी परीक्षा. पाळण्यासाठी मैत्रिणीची गाडी मागितली, पण एवढं लांब एकटीने ड्राइव्ह करायची हिंमत नव्हती. म्हणून पोर्टलंडहून रात्रभरात कॅनडाला जाणाऱ्या, गाड्याही नेणाऱ्या बोटीच्या ऑफिसला फोन केला. अकराव्या दिवशी रात्री गाड्यांची जागा फुल. दुसऱ्या रात्री आहे म्हणे.

भावाला म्हटलं, "एक दिवस पुढे ढकल ना, यार."

"तेराव्याला? आई पुण्याहून चालत येऊन मारेल मला."

मग पाच दिवस रोज त्या ऑफिसला फोन. कोणी कॅन्सल केलं का? नाही. माणसांना जागा आहे, गाडीला नाही. शेवटी वैतागून काकूंना फोनवर सांगितलं, "पाळणा राहू दे. मी नुसतीच जाते."

"का गं? सुटा कर की. स्क्रू काढले की मोळी होते त्याची. मी मुंबईहून तसाच आणला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, काकू?"

"मला वाटलं तुला तिकडे फिरायला गाडी हवीय."

फोन ठेवला आणि लगेच बोटीच्या ऑफिसला लावून एका माणसाचं तिकीट मागितलं.