करपलेल्या पावाचा नियम

वहिनींचं हसू आधी ऐकू यायचं आणि बेकरी नंतर दिसायची. गल्लीत वळलं की आतून खळखळाट यायचा आणि नवखं गिऱ्हाईकसुद्धा त्या दिशेनं चालू लागायचं. "पाटी रंगवायचा खर्च वाचला," असं उस्ताद म्हणायचे. उस्ताद म्हणजे वहिनींचे 'हे'. पाव भाजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की भट्टीत काय ठेवलंय ते साफ विसरायचे. "अहो, गोष्ट नंतर सांगा, आधी ट्रे काढा!" असं वहिनी ओरडेपर्यंत पावाचा कोळसा झालेला असायचा.

बेकरीत एक नियम होता आणि तो उस्तादांनीच करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. ज्याच्या हातून पाव बिघडेल त्यानं त्यातला एक, करपलेला असो की कच्चा, सगळ्यांसमोर टेबलाशी उभं राहून संपवायचा. पाणी हवं तेवढं, लोणी मात्र नाही. बाकीच्यांनी मनसोक्त चिडवायचं, पण कामावरून कुणाला हाकलायचं नाही. शेवटचा घास पोटात गेला की विषय संपला. अर्थात सगळ्यात जास्त करपलेले पाव उस्तादांनीच खाल्ले, आणि तेही असे मिटक्या मारत की बघणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट व्हायची.

कामगारांत एक होता घाई. प्रत्येक ट्रे वेळेआधी बाहेर ओढायचा, म्हणून उस्तादांनीच हे नाव ठेवलं होतं. चांगला पंचविशीचा गडी, कामाला वाघ, पण नाकावर राग. एकदा त्यानं अख्खा ट्रे कच्चा काढला. सगळ्यांनी हसत टेबलाकडे बोट दाखवलं, तर यानं अंगावरचा एप्रन भिरकावला आणि तडक निघून गेला. वहिनी त्याला हाक मारणार होत्या. उस्ताद म्हणाले, "जाऊ दे. डोकं शांत झालं की येईल."

तो आला, पण वर्षभरानं, आणि भरदुपारी. त्या वेळी भट्टी थंड असते, दुकान बंद असतं, वहिनी माडीवर डुलकी काढत असतात, हे त्याला ठाऊक होतं. गल्ल्यावर हात मारून पळायचं एवढाच त्याचा बेत होता. उस्ताद मात्र त्या दिवशी आत साच्यांना तेल लावत बसले होते. पुढे काय झालं ते घाईनं स्वतःच कोर्टात सांगितलं. उस्तादांनी वर बघितलं आणि हसून विचारलं, "काय रे, राहिलेला पाव खायला आलास?" तो घाबरला. भिंतीला टेकवलेलं भट्टीचं लोखंडी फावडं त्याच्या हाताला लागलं. एकाच घावात उस्ताद गेले.

वहिनी कोसळल्या. त्यांना खूप राग आला, इतका की या पोराला स्वतःच्या हातानं भट्टीत घालावंसं वाटलं, आणि हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही. पण काही दिवसांनी त्यांनी भट्टी पेटवली. कणीक मळताना डोळ्यांतून धार लागायची, तेव्हा कामगारांना म्हणायच्या, "आज मीठ कमी घाला रे, मी आहे." ते बिचारे हसावं की रडावं अशा पेचात पडायचे, मग दोन्ही करायचे.

गुन्हा शाबित झाला. आता फाशी की जन्मठेप एवढंच ठरायचं होतं आणि त्याआधी न्यायाधीश घरच्यांचं म्हणणं ऐकणार होते. आदल्या संध्याकाळी धाकटे दीर येऊन बसले.

"वहिनी, उद्या फक्त 'फाशी' म्हणा. एकच शब्द."

"भाऊजी, मी जन्मात कधी एका शब्दात बोलले आहे का?"

दिरांना हसू फुटलं, आणि हसता हसताच ते रडायला लागले. "दादाचा जीव घेतला त्यानं. तुम्ही त्याला वाचवलंत, तर या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

एकीकडे घाईचा जीव, दुसरीकडे सख्ख्या भावासारखा दीर. वहिनी उठल्या आणि उद्याच्या पावांची कणीक भिजवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोर्टात शेवटच्या बाकावर घाईची आई बसली होती. पूर्वी रोज सकाळी दोन पाव न्यायची. आता वहिनींशी नजर भिडली की मान खाली घालायची. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी उभ्या राहिल्या. बेकरीचा नियम त्यांनी सगळा सांगितला, अगदी लोण्यासकट. सरकारी वकिलांनाही हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "पाव आणि माणूस एक नव्हे, एवढं मला कळतं. माझा माणूस काही परत यायचा नाही. पण आमच्याकडे चुकणाऱ्याला हाकलत नाहीत साहेब, समोर उभं करून खायला लावतात. हा एकदा न खाता पळाला आणि आम्ही पळू दिलं. फाशी दिलीत तर पुन्हा सुटेल. त्याला जगू द्या. रोज सकाळी उठू द्या आणि आपण काय केलं ते रोज गिळू द्या."

न्यायाधीश म्हणाले, शिक्षा कायद्यानं ठरते, घरच्यांच्या इच्छेनं नाही. पण आरोपी हत्यार घेऊन आला नव्हता, त्यानं सगळं कबूल केलं, आणि या बाईंचं बोलणंही कोर्टानं ऐकलं आहे. जन्मठेप झाली.

बाहेर व्हरांड्यात घाईची आई वहिनींसमोर आली आणि पाया पडायला वाकली. वहिनींनी तिला दंडाला धरून उभं केलं. दीर दोन पावलांवर तोंड फिरवून उभे होते.

"कुठल्या तोंडानं बोलू तुमच्याशी?" म्हातारी म्हणाली.

"बोलू नका, मावशी. उद्यापासून कामाला या. माझ्याकडे एक माणूस कमी आहे."

"अहो, पण मला कणीक मळता येत नाही."

"यांना तरी कुठे येत होती! लग्नानंतर मी शिकवली. आणि गल्लीनं उस्ताद म्हटलं ते यांना!"

दीर गर्रकन वळले. "दादाला तुम्ही शिकवलंत?"

"मग काय! तुम्हीही या सकाळी, भाऊजी. तुम्हालाही शिकवते."

दिरांनी रुमालात नाक शिंकरलं. नाही म्हणाले नाहीत.

म्हातारीनं डोळे पुसले आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"