चाफ्याला पाणी

ठरल्या दिवशी कोणतीही वस्तू कोणाच्याही हाती न देण्याचा लातूरचा विक्रम आमच्या शेजारच्या शिंपी चाचांच्या नावावर आहे, आणि तो मोडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. पुराव्याशिवाय विधान करत नाही. पाचवीसाठी शिवायला टाकलेला माझा फ्रॉक पाचवीत वापरला तो माझ्या धाकट्या बहिणीने. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, गावात रोज नवी कचेरी उगवू लागली आणि तिथल्या शिपायांच्या खाकी गणवेशांचे मोठे काम चाचांकडे आले. परिणामी नव्या जिल्ह्याचे शिपाई कित्येक महिने जुन्या जिल्ह्याच्या गणवेशात फायली वाहत होते. चौकशीला आलेल्या कारकुनाला चाचांनी चहा पाजला आणि शांतपणे समजावले, "साहेब, सरकारला जिल्हा करायलाच इतकी वर्षं लागली. मी तर चाळीस प्यांटी करून राहिलो." कारकून चहा पिऊन गेला आणि जाताना स्वतःच्या सदऱ्याचे माप देऊन गेला.

अशा माणसाने झाड लावले असते, तर ते उगवेपर्यंत खड्डा बुजला असता. चाफा लावला तो त्यांच्या मुलीने, नसीमने. नसीम माझ्या वर्गात होती. शाळेच्या सहलीत माहूरला वाऱ्याने मोडून पडलेली एक फांदी तिने उचलली, परतीच्या प्रवासात मांडीवर घेतली, आणि दुकानाची पायरी व गटार यांच्यामधल्या चटईएवढ्या जागेत खोचून टाकली. पांढरा चाफा हे मुळात चिवट झाड. माणसाच्या उंचीहून थोडे वाढते, फार काही मागत नाही आणि थंडी सुरू झाली की सगळी पाने टाकून नुसत्या जाड, बोटांसारख्या फांद्या घेऊन उभे राहते. पहिल्या पानगळीत गल्लीने झाड मेल्याचे जाहीर केले. चाचांनी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले, की मेलेबिले काही नाही, कपडे शिवायला टाकलेत, येतील सवडीने. या बाबतीत झाडाला ते स्वतःचे सर्वांत समजूतदार गिऱ्हाईक मानत. दर शुक्रवारी नमाजाहून आले की गळ्यातली टेप काढून ते खोडाचे माप घेत, खडूने खूण करत आणि आत चाचींना ओरडून सांगत, की यंदा छाती भरली, उंची तेवढीच आहे.

नसीमचे लग्न होऊन ती नांदेडला गेली. मीही वनस्पतिशास्त्र शिकायला नांदेडलाच गेले. तिला संसार हवा होता, मला संशोधन. रविवारी कधी भेटलो, तर ती आधी चाफ्याची चौकशी करी आणि मग आईवडिलांची. पुढे पाऊस सलग हुकला, आणि त्या दुष्काळातल्या हिवाळ्यात नसीम पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही राहिले नाही. निरोप मिळताच चाचा हातातली कात्री टाकून निघाले, पण वाटेत बस बंद पडली. ते पोहोचले तेव्हा तिला माती देऊन लोक परतत होते. आयुष्यभर उशीर करणाऱ्या या माणसाचा तेवढा एक उशीर त्याचा स्वतःचा नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले, तेव्हा गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता आणि आला की घागरींच्या आधी आवाज चढत. चाचांचे दुकान बहुतेक बंद असे. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, ते चाफ्याच्या बुंध्याशी पाट टाकून बसत, म्हणजे हातापायांवरून ओघळलेला थेंब न् थेंब मुळाशी जाई. तांदळाचे धुवण, इस्त्रीआधी कपड्यांवर शिंपडायचे पाणी, स्वतःच्या आंघोळीचा वाटा, सगळे तिकडेच. चाची एकदा आमच्या ओट्यावर येऊन आईला म्हणाल्या, "मान्सं तहानेनं सुकून राहिली, भाभी, अन् आमचं झाड पाच टाइम वजू करून राहिलं." आई हसली. चाचीही हसल्या, आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी चाचांना रीतसर समजावले. पाने टाकलेला चाफा झोपेत असतो. त्याच्या जाड फांद्यांत पाणी साठवलेले असते. मुळे या दिवसांत पाणी घेत नाहीत, आणि न घेतलेले पाणी खोड कुजवते. दुष्काळ या झाडाला मारत नाही, पाणी मारेल. त्यांनी मान हलवत सगळे ऐकले, दुकानात टेकलेल्या दोघांना मी झाडांची डॉक्टरीण असल्याचे अभिमानाने सांगितले, आणि माझी पाठ वळताच तांब्या रिकामा केला. मी परत आले आणि, कबूल करते, थोडी चिडूनच विचारले की कळत असून असे का.

चाचा खडूने बोटे पांढरी करत राहिले. मग म्हणाले, "बेटा, जाताना तिच्या तोंडात पाणी घालाया मी पोचलो न्हाई. आता हे दारात उभं हाय. ह्याला न्हाई कसं म्हनू?"

मी रिकामा तांब्या उचलून आत ठेवून आले.

मे महिन्यात खोडाचा बुंधा बोटाने दाबला, तर पिकल्या पपईसारखा आत गेला. सगळ्या लातुरात झाडे पाण्यावाचून वाळत होती, आणि आमच्या गल्लीतले हे एकच झाड पाण्याने मेले. चाचांना काही सांगावे लागले नाही. ते टेप हातात घेऊन उभे होते, पण त्यांनी माप घेतले नाही. मी करवत मागितली. वर वर कापत गेले, तेव्हा शेंड्याजवळच्या एका फांदीत स्वच्छ पांढरा चीक आला. तेवढी वीतभर फांदी मी ठेवली आणि सांगितले की सावलीत काप वाळू द्यायचा, मग लावायची, आणि पाने फुटेपर्यंत एक थेंब पाणी नाही. शास्त्रानुसार ही फांदी म्हणजे तेच झाड.

"तेच?" चाचांनी विचारले. "वारस न्हाई?"

"तेच, चाचा."

कुठे लावायची, हा प्रश्न चाचींनी सोडवला. इतक्या वर्षांत त्या झाडाबद्दल पहिल्यांदाच त्या थेट चाचांशी बोलल्या. "हितं नको. तुमच्या हातून ऱ्हावनार न्हाई. तिच्या उशाला लावा."

सुट्टी संपवून मी नांदेडला निघाले, तेव्हा दोघेही माझ्यासोबत आले. फांदी कोटाच्या उरलेल्या अस्तरात गुंडाळली होती. कबरस्तानात बायकांनी आत जायची रीत नसल्याने चाची आणि मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबलो. चाचांनी पिशवीतून फांदी काढली, आणि पाण्याने भरलेला झाकणाचा डबाही काढला. चाचींनी माझ्याकडे पाहिले. चाचा आत गेले.

ऊन डोक्यावर आले तरी ते परतले नाहीत. शेवटी फाटक वाजले. गुडघ्यांना कोरडी, पांढरट माती लागली होती. डबा त्यांनी दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून जपून धरला होता. तो काठोकाठ भरलेला होता.

चाचांनी डबा आधी चाचींपुढे धरला, मग माझ्यापुढे. पाणी उन्हाने कोमट झाले होते. आम्ही तिघांनी ते तिथेच उभ्याने पिऊन संपवले.