शिंगाची मूठ

मंसारामबाबा कामाला बसले की तोंड नेहमी रस्त्याकडे. सावली मागच्या अंगणात असायची, तरी ते उन्हात, दारातच बसत. लांबून मोटारीचा आवाज आला की हातातली कानस थांबायची आणि मांडीवरचं फडकं कामावर पसरलं जायचं. गाडी एसटीची निघाली की फडकं पुन्हा बाजूला. लाखांदूरजवळच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि वाटलं, म्हातारा जरा भ्रमिष्ट दिसतो.

माझी भाड्याची खोली त्यांच्या भिंतीला लागून होती. विळ्यांना, सुऱ्यांना मुठी बसवणं हा त्यांचा धंदा. धान कापणीच्या आधी आसपासच्या गावांचे लोक विळे घेऊन यायचे आणि बाबा त्यांना बाभळीच्या मुठी बसवून द्यायचे. पण वडिलांनी त्यांना शिकवलेली खरी कारागिरी वेगळीच होती, सांबराच्या शिंगाची मूठ. सांबर दरवर्षी शिंगं टाकतं. वडिलांच्या काळात ती रानात वेचून आणत, कुणी हटकत नसे. त्यांतली दोन शिंगं पोत्यात गुंडाळून बाबांनी घरात ठेवली होती. आता ती बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, हे मला त्यांनीच सांगितलं.

"मग जाळून का टाकत नाही?" मी विचारलं.

"बापाच्या हातचं हाये जी. जाळाले गेलो तं हात कापते. ठेवलं तं जीव कापते."

मला हसू आलं होतं. हे आज लिहितानाही लाज वाटते.

एकदा माझ्या भावाने मोबाईलवर शिंगाच्या मुठीच्या सुरीचा फोटो पाठवला. तशी एक त्याला भेट द्यावी, असं माझ्या मनाने घेतलं. बाबा म्हणाले, "लाकडाची घ्या न बाई. लाकडाले भेव नसते." मी हट्ट धरला. त्यांचे निराधार योजनेचे कागद मीच भरून दिले होते, त्यामुळे ते मला नाही म्हणू शकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चार दिवस त्यांनी शिंगाचा तुकडा पाण्यात ठेवला. रविवारी दुपारी मागच्या अंगणात चूल पेटवून जुन्या पातेल्यात तो उकळायला घातला. केस जळाल्यासारखा वास सुटला. मग सांडशीने तो वाकडा तुकडा बाहेर काढून त्यांनी दोन फळ्यांमध्ये धरला आणि दोरीचा एक पीळ दिला. थांबले. पुन्हा एक पीळ. "जोर केला का फाटते," ते पुटपुटले. "त्याले वाटाले पायजे का आपुनच सरळ होऊन राहिलो."

तेवढ्यात रस्त्यावरून कुणी बाई ओरडत गेली. तळ्याकाठी फासात सांबर मेलं होतं, वनखात्याचे लोक घरं तपासत येत होते.

बाबांच्या हातून दोरी सुटली. "बाई, मी सांबर नाई मारलं."

"मला माहीत आहे."

पण त्या क्षणी मला बाबांची नाही, स्वतःची भीती वाटली. सुरी मी सांगितली होती. मी फळ्यांसकट तो तुकडा उचलला, आतून पोतं ओढून आणलं आणि माझ्या खोलीतल्या तांदळाच्या कोठीत सगळं दडपून वर तांदूळ सारले. बाबा "नोका, नोका" म्हणत होते.

वनरक्षक तरुण होता, वागायला सभ्य. बाबांच्या घरात त्याला कानशी, लाकडं आणि उकळतं पाणी तेवढं सापडलं. वास मात्र त्याने ओळखला असावा. मग तो माझ्या दाराशी आला. "माफ करा मॅडम, सगळीच घरं पाहून राहिलो."

मी खिडकीचा गज धरला. नोकरी जाईल, आईला कोण सांगेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्याने कोठीकडे बोट दाखवलं. "यात?"

"तांदूळ," मी म्हणाले. त्याने झाकणावर हात ठेवला.

"साहेब, ते माहं हाये." बाबा दारात उभे होते. "बाईच्या घरात मीच ठेवलं. त्यायले ठाऊक नाई."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. पंचनामा झाला, ते जीपमध्ये बसले, धुरळा खाली बसला, तरी मी गज सोडला नव्हता.

काही दिवसांनी जामिनावर सुटून ते घरी आले. मग तारखा सुरू झाल्या. एका सकाळी ते एसटीची वाट पाहत उभे होते, तेव्हा मी म्हणाले, "बाबा, मी येते. खरं काय ते सांगते."

"कायले? मी आयुष्यभर भेलो, मले सवय हाये. त्या दिवशी तुमचे पाय कापून राहिले होते. मले वाटलं, आपलं भेव आपल्याच घरात असाले पायजे. दुसऱ्याच्या घरात ठेवू नाई." मग ते हसले. "आता तं झोपही लागते जी."

एसटी आली. ते चढले, मी चढले नाही.

निकाल लागायच्या आधीच, गेल्या उन्हाळ्यात ते वारले. तेरवीला मी गेले. त्यांच्या मुलीने माझे पाय धरले आणि रडत म्हणाली, "बाई, आमच्या बाबानं तुमच्या घरात ते ठेवलं, तुमाले किती तरास झाला. माफ करा जी त्यायले."

"ते मी ठेवलं होतं," मी म्हणाले. "शिंगाच्या मुठीची सुरीही मीच करायला सांगितली होती."

तिने मान वर केली. मग माझ्या पायांवरचे हात तिने हळूच मागे घेतले.