आधी दार, मग चौकशी

फोनवर दानीचं नाव दिसलं आणि मी फोन कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. सकाळची वेळ, चहा समोर आणि धाकट्या भावाचा फोन… म्हणजे एक तर पिऊन रडणार, नाही तर आपला नवा जन्म कसा झाला ते ऐकवणार, अशी माझी खात्री. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मोबाइल पालथा घातला. मग बायकोच्या फोनवर बिबवेवाडीच्या शेजारीणबाई बोलल्या. "अहो वहिनी, एस्तेरबाई गेल्या. झोपेतच. तुमचे दीर इथेच आहेत, केव्हाचे फोन लावतायत." माझी आत्या गेल्याची बातमी मला अशी मिळाली. सरळ माझ्याकडेच येत होती, मीच तिला वाटेत अडवून ठेवलं. आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात आला तो प्रश्न : हा एवढ्या सकाळी तिथे काय करत होता? आत्याला हे कळलं असतं तर ती हसली असती. संशय घ्यायला मी तिच्याकडूनच शिकलो.

एस्तेरआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई आमच्या लहानपणीच गेली, आत्याने लग्न केलं नाही, आणि दानीला व मला तिनेच वाढवलं. नोकरी नर्सची; निवृत्त झाली ती मेट्रन म्हणून. पेशंट "गोळी घेतली" म्हणाला की ती त्याला जीभ वर करायला लावायची, गोळी खाली दडवली आहे का ते बघायला. ही सवय तिने घरी आणली. भाजीवाल्याने वर ठेवलेले टोमॅटो ती कधीच घेत नसे, हात घालून तळातले काढायची. रिक्षात बसली की रस्त्यापेक्षा मीटरकडे बघायची. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून म्हणायची, "आजचा उपदेश छान झाला हो. कोणाला उद्देशून होता?" मी पुढे हडपसरच्या कारखान्यात क्वालिटीला लागलो, उभा जन्म माल नापास करण्यात घालवला, तेव्हा ती सगळ्यांना सांगायची, "शमूला शिकवावं लागलं नाही, घरचंच ट्रेनिंग."

देवाच्या बाबतीत तर ती सगळ्यांत जास्त संशयी. आमच्यात घरोघरी प्रार्थनासभा होतात आणि तिथे 'साक्ष' द्यायची पद्धत आहे. म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उठून सांगायचं. एकदा एक गृहस्थ उठले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, नवी गाडी घे असं प्रभूने मला स्पष्ट सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "रंगही सांगितला का हो?" त्या घरी पुन्हा आम्हाला बोलावणं आलं नाही. परतताना मी तिला म्हटलं, कशाला दुखवतेस लोकांना? तर म्हणाली, "अरे, देव नेमकं आपल्या मनातलंच बोलायला लागला की मला शंका येते. मी त्याला इतकी वर्षं ओळखते. माझ्या सोयीचं तो फारसं बोललेला नाही."

आणि आता अशा बाईच्या दाराची गोष्ट सांगतो. तिच्या इमारतीत एकदा भरदुपारी चोरी झाली. मी सुतार घेऊन गेलो आणि तिच्या दाराला भिंग बसवून घेतलं. तेच ते वाटोळं, ज्यातून बाहेर कोण उभं आहे ते दिसतं. बेल वाजली की आधी बघायचं, मगच कडी काढायची, असं दहादा बजावलं. पुढच्या वेळी गेलो, बेल वाजवली, आतून नेहमीसारखं "आले हो प्रभू!" ऐकू आलं आणि दार सताड उघडलं. बेल कोणीही वाजवो, ती हेच ओरडायची. कुरिअरवाला असो, कचरा नेणारी बाई असो, निवडणुकीतला उमेदवार असो, सगळे प्रभू. मी चिडून दार बघितलं तर भिंगात मेण! नाताळच्या मेणबत्तीचं लाल मेण वितळवून बाईसाहेबांनी भोक गच्च बुजवलेलं.

"आत्या, अगं बाहेर कोण आहे ते दिसत नाही अशाने!"

"तेच तर," ती म्हणाली.

मी बराच आरडाओरडा केला. ज्या बाईचा दूधवाल्यावर विश्वास नाही, ती डोळे झाकून दार उघडणार? ती शांतपणे पोळ्या लाटत होती. मग म्हणाली, "भिंग लावलंस त्याच आठवड्यात आपल्या मंडळीतली ती बडबडी विमल आली होती. मी भिंगातून बघितलं आणि उघडलं नाही. माझ्याच घरात चोरासारखी श्वास रोखून उभी राहिले. तिने तीनचारदा बेल दाबली आणि गेली बिचारी. तिला काही झालं नाही हो, घाबरू नकोस, अजून तेवढंच बोलते. पण संध्याकाळी प्रार्थनेला डोळे मिटले आणि वाटलं… मी इकडून हाका मारतेय, आणि पलीकडे कोणीतरी असंच भिंगातून मला बघून श्वास रोखून उभं असेल तर?" लाटणं थांबलं होतं. "शमू, माझा बाहेरच्यांपेक्षा माझ्यावर संशय जास्त आहे. आधी बघितलं तर मी उघडायचीच नाही. म्हणून आधी दार, मग चौकशी."

चौकशी मात्र ती सोडायची नाही. प्रभू म्हणून ज्याला आत घेतलं त्याला पुढच्याच क्षणी, "पार्सल फोडलंय का रे?" कचऱ्याच्या बाईला, "काल का नाही आलीस? खरं सांग." उमेदवाराला तर पाणी देऊन असं काही उलटसुलट विचारलं, की तो ग्लास अर्धा ठेवून गेला. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आज वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहितानाही वाचकांना माझी विनंती आहे, कृपा करून हे करू नका. आत्याला चोर भेटला नाही ही देवाची कृपा, किंवा चोरांची.

आता दानीचं. तो प्यायचा. चांगला फिटर होता, हात सोन्याचा, आणि सोन्याची माती केली. किती वेळा सोडली, किती वेळा शपथा घेतल्या… सगळे नव्याचे नऊ दिवस. माझ्या मुलीची बारावीची परीक्षा चालू असताना तो झिंगत दारात आला आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं. आजही पाठवीन. पुढे तो एका हॉलमधल्या नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या धाटणीच्या प्रार्थनामंडळात, जायला लागला. गिटार, ड्रम, हात वर करून रडणं, सगळं तिथलं. दारू सुटली म्हणाला. मला एका रविवारी आग्रहाने घेऊन गेला. मी शेवटच्या रांगेत बसलो. दानी माइकपाशी गेला आणि म्हणाला, "माझ्या सख्ख्या भावाने, जो आज इथे बसलाय, मला दारातून हाकललं. पण माझ्या प्रभूने दार उघडलं!" सगळा हॉल 'हालेलुया' म्हणाला आणि मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. अंगाची नुसती लाहीलाही झाली. मी उठलो आणि सरळ घरी आलो.

त्यानंतर बोलणं बंद. आमच्या हडपसरच्या सोसायटीत फाटकावर कोणी आलं की वॉचमन फोटो काढतो, तो आपल्या मोबाइलवर येतो. हिरवं दाबलं की माणूस आत, लाल दाबलं की परत. दानीचा फोटो आला, मी लाल दाबलं. काही महिन्यांनी पुन्हा आला, पुन्हा लाल. फोटोत तो शर्टाची बटणं नीट लावून, भांग पाडून उभा होता. नोकरी मागायला आल्यासारखा. मला तर त्या भांगाचाही संशय आला.

आत्याकडे मात्र तो दर गुरुवारी जायचा. ती "आले हो प्रभू" म्हणून दार उघडायची आणि तो उंबऱ्यावर असतानाच हुकूम सोडायची, "हा कर." पोलीस करायला लावतात तसं तोंड उघडून हा. ती वास घ्यायची, मग आत घ्यायची. वास आला तरी आत घ्यायची, फक्त जेवताना बोलायची नाही. एकदा मी चिडून विचारलं, "तुझा विश्वास बसतो त्याच्या सुटण्यावर?"

"छे! साक्षीत स्वतःचं पाप थोडं आणि तुझं जास्त सांगतो, त्यावर कसा बसेल? शिवाय हल्ली बडीशेप चघळत येतो. बडीशेप म्हणजे काय, मला का कळत नाही?"

"मग कशाला घेतेस आत?"

"भरवसा ठेव असं मला सांगितलेलंच नाही शमू. दार वाजलं तर उघड, एवढंच सांगितलंय. भरवशाचं काय ते प्रभू बघेल."

शेवटची भेट झाली ती गेल्या महिन्यात. थकली होती, पण मी नेलेली पपई उलटसुलट करून, हुंगून, "पावडर मारून पिकवलीय" असा निकाल देण्याइतकी शाबूत होती. चहा झाला आणि अचानक म्हणाली, "दानी पुन्हा तुझ्या दारात आला तर काय करशील?" मी म्हटलं, बघू. "तेच नको करूस," ती म्हणाली. "तू बघितलंस की संपलं. तुझा डोळा माझ्यासारखाच आहे." मला राग आला. म्हटलं, तुझं बरं आहे आत्या, तू आणि तुझा प्रभू. मला घरदार आहे, लोकांत तोंड दाखवायचं आहे. तिने वाद घातला नाही. मी चपला घालत होतो तेव्हा मागून म्हणाली, "तुम्हा दोघांना एकदा या घरात एका वेळी जेवताना बघायचंय रे. लहानपणी एका ताटातून जेवायचात. मी मेल्यावर जेवलात तर मला काय उपयोग?" मी जिना उतरता उतरता पुन्हा तेच म्हणालो. बघू.

दानी त्या सकाळी तिथे का होता, ते शेजारीणबाईंकडून कळलं. कामावर जाता जाता तो रोज तिचं दूध द्यायला थांबायचा. मला हे आत्याने कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने बेल दाबली आणि आतून 'आले हो प्रभू' आलं नाही. त्या दारावर असं कधी झालंच नव्हतं. तो दुसऱ्यांदा बेल न दाबता सरळ शेजारी किल्ली मागायला गेला. दफनभूमीत आम्ही दोघांनी मूठमूठ माती टाकली, एकमेकांकडे न बघता. पाळकसाहेब तिच्या श्रद्धेबद्दल पुष्कळ चांगलं बोलले आणि मला सारखं वाटत होतं, आता ही उठून पुरावा मागणार. दानी बडीशेप चघळत होता. तेवढं मात्र मी बघितलं.

गेल्या गुरुवारी तिचं घर आवरायला गेलो. बायकोने डबा दिला होता. कपडे बांधले, भांडी काढली, फरशी पुसली आणि डबा उघडणार तेवढ्यात बेल वाजली. सवयीने उठलो, भिंगाला डोळा लावला. मेण. लाल, गच्च, काही दिसेना… मी श्वास रोखून उभा राहिलो. बेल पुन्हा वाजली नाही. पण कोणी जिना उतरल्याचाही आवाज आला नाही. दाराच्या पलीकडेही कोणीतरी असंच गप्प उभं होतं. फार राग आला मला तिचा, आणि फार आठवण आली. प्रभूबिभू काही माझ्या तोंडून फुटलं नाही. मी फक्त कडी काढली.

दानी होता. भांग पाडलेला. "खाली तुझी स्कूटर बघितली," तो म्हणाला. "परत जाणार होतो. पण गुरुवार आहे ना…"

मी तिचंच वाक्य म्हटलं.

"हा कर."

त्याचे डोळे भरले, आणि उंबऱ्यावर उभं राहून, लहान पोरासारखं मोठं तोंड उघडून त्याने हा केलं. बडीशेपेचा वास आला. नुसत्या बडीशेपेचा, की खाली आणखी कशाचा… मी पुन्हा हुंगलं. कळलं नाही. आत्याला कळलं असतं.

मी दारातून बाजूला झालो.

"चपला बाहेर काढ," मी म्हटलं, "फरशी आत्ताच पुसलीय. आणि ताट एकच राहिलंय, बाकीची बांधली."