सोफ्यात हरवलेली नायिका

माझी बायको भर रंगमंचावर हरवली. दिवे लागलेले होते, पडदा उघडलेला होता, ती तिच्या ठरलेल्या जागेवर बसलेली होती, आणि चूक संपूर्णपणे माझी होती.

हे मी आजवर कुणापुढे नीट कबूल केलेलं नाही. सासूबाईंसमोर दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा त्या "च्या घ्या आधी" म्हणाल्या आणि चहा संपेपर्यंत माझा धीरही संपला. म्हणून आता लिहूनच टाकतो.

मला एक खोड आहे. लोक सिनेमात गोष्ट बघतात, मी पडदे बघतो. म्हणजे खिडकीचे पडदे. मालिका लागली की घरच्यांना मी सुखाने बघू देत नाही. "मध्यमवर्गीय घर म्हणे! फ्लॉवरपॉटात खरी फुलं आहेत! आपल्या फ्लॉवरपॉटात काय असतं? लाईटची बिलं आणि बंद पडलेलं घड्याळ!" किंवा, "ही बाई आत्ता झोपेतून उठली ना? मग नथ कुठून आली?" पण मी नुसती नावं ठेवतो असं नाही. चांगलं दिसलं तर कदरही करतो. एका सिनेमात गरीब मास्तरांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. जुना, धुऊन धुऊन फिकट झालेला! मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. (थिएटरमध्ये. एकट्याने.)

"बाबा, खाली बसा, हिरो मेलाय," माझी लेक ऋचा म्हणाली.

"मेला असेल, पण त्याच्या चपलेचा अंगठा शिवलेला बघितलास का?"

तर असा मी. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, आणि मनातून नेपथ्यकार.

वंदना, म्हणजे माझी बायको, लग्नाआधी नाटकात काम करायची. लग्नानंतर थांबलं. मी अडवलं नाही, देवाशपथ! मी फक्त दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचो. इतक्या सभ्यपणे म्हणायचो, की अडवतोय हे माझ्याही लक्षात आलं नाही. हे पाप पहिलं. दुसऱ्याच्या मानाने ते किरकोळ आहे.

यंदा तिच्या महिला मंडळाने एकांकिका स्पर्धेत भाग घेतला. दिग्दर्शक होत्या निवृत्त शिक्षिका देशमुखबाई, आणि मुख्य भूमिका वंदनाला. तिच्या आईला मोडनिंबला फोन गेला. लेकीला स्टेजवर त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. ती कॉलेजात असताना माझ्या सासऱ्यांनी त्यांना बघायला जाऊ दिलं नव्हतं. नंतर बघायला काही उरलंच नाही. (बघा पाप पहिलं.)

"या टायमाला बघनार म्हंजे बघनार," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "गुडघं गेलं तरी चालंल."

वंदना मला म्हणाली, "अहो, तुम्ही एकच करा. पुढच्या रांगेत बसा आणि बघा. बाकी काही करू नका."

मी दुसऱ्याच दिवशी देशमुखबाईंकडे जाऊन नेपथ्य आणि वेशभूषा मागून घेतली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "नाही तरी दुसरं कोणी तयार नाही."

एकांकिका साधी होती. एका गृहिणीचा नवरा तिच्याशी वर्षानुवर्षं बोलतच नाही. तो शेवटपर्यंत स्टेजवर येत नाही, नुसता उल्लेख. तीही सुरुवातीची दहा मिनिटं सोफ्यावर एकटी बसून बोलते. म्हणजे लागणार काय, तर सोफा, खिडकी, टेबल आणि बायको.

कापडासाठी मी आमच्या गल्लीच्या टोकाला श्रीनिवास अण्णांकडे गेलो. त्यांचे यंत्रमाग आहेत. परदेशातून त्यांचा एक लॉट परत आला होता. हळदीसारखा पिवळा रंग आणि त्यावर भाकरीएवढी तपकिरी फुलं.

"रंग पसंत न्हाय म्हणाले साहेबलोक," अण्णा म्हणाले. "घेऊन जावा की! गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा न्हाय."

"किती नेऊ?"

"सगळं जावा घेऊन! मागायचं न्हाय, मोजायचं न्हाय!"

आता आमच्या भागातली रीत सांगायला हवी. मागावरचं कापड घरात आलं की ते संपेपर्यंत शिवायचं. माझ्या लहानपणी उशीचे अभ्रे, खिडकीचे पडदे, दळणाची पिशवी आणि माझी हाफपँट ही सगळी एकाच ठाणाची असायची. मला दळणाला पाठवलं की पिशवी आणि मी एकमेकांची भावंडं वाटायचो. त्यात कुणाला काही वावगं दिसायचं नाही. त्यामुळेच सिनेमातल्या चपलेचा अंगठा पकडणाऱ्या माझ्या डोळ्याला पुढचं काहीच दिसलं नाही.

मी पडदे शिवून घेतले. सोफ्याला (म्हणजे सोफा झालेल्या शाळेच्या दोन बाकांना) कव्हर शिवलं. टेबलक्लॉथ केला. मागची भिंत उघडीबोडकी दिसत होती, तिलाही तेच कापड ताणून लावायचं ठरवलं. तरीही कापड उरलं!

देशमुखबाईंना नायिकेला साडी हवी होती. मी वीस मिनिटं भाषण केलं. "बाई, महाराष्ट्रातली गृहिणी घरात काय घालते? गाऊन! साडी नेसवून आपण मालिकावाल्यांच्या पंगतीला बसणार का?" बाई थकून म्हणाल्या, "शिवा गाऊन." मी शिवायला टाकला. कोणत्या कापडाचा, हे तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नव्हतं. शेवटच्या तुकड्यात माझाही एक हाफ शर्ट बसला.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये, साध्या कपड्यांत झाल्या. शिंप्याने गाऊन प्रयोगाच्या दिवशी दिला, पडदा उघडायच्या पाऊण तास आधी. वंदनाने तो घातला, नेपथ्याकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं.

"अहो, हे जरा जास्तच मॅचिंग होत नाही का?"

"याला रंगसंगती म्हणतात!" मी म्हणालो.

तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला. मी विंगेत उभा होतो. बाजूने बघताना सगळं झकास दिसत होतं. मी मनात स्वतःसाठी टाळ्याही वाजवल्या. एवढ्यात मोबाइल थरथरला. प्रेक्षकांत आजीशेजारी बसलेल्या ऋचाचा मेसेज होता.

"बाबा, आई कधी येणार?"

"ती पहिल्यापासून सोफ्यावर आहे."

"कुठल्या सोफ्यावर?"

"एकच सोफा आहे!"

"बाबा, त्या सोफ्यावर फक्त एक चेहरा आणि दोन हात आहेत."

मी विचार करतोय तोवर तिसऱ्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज शेळ्या वळवून तयार झालेला आहे.

"ऋचे, तुजी आई कुटं हाय गं?"

"आजी, हळू! ती काय, समोर."

"अगं बया, नुसतं त्वांडच दिसतंय की! बाकीची कुटं गेली?"

नाट्यगृहात खसखस पिकली. दुर्दैवाने वंदनाचं पुढचं वाक्य होतं, "या घरात मी कुणाला दिसतच नाही." मग जे हसू फुटलं, ते थांबेना!

मी बाजूच्या दाराने धावत प्रेक्षागृहात गेलो, समोरून बघितलं आणि दरदरून घाम फुटला. स्टेजवर सगळीकडे भाकरीएवढी फुलं होती आणि त्यात माझ्या बायकोचा चेहरा, कुणीतरी पार्सलमध्ये विसरल्यासारखा. तेवढ्यात नाटकाप्रमाणे ती उठली. म्हणजे सोफ्याचा एक तुकडा उठला आणि चालू लागला! पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी दचकून हातातली काठी टाकली. वंदना खिडकीपाशी गेली, पडद्याला टेकली आणि पुन्हा नाहीशी झाली.

"ग्येली!" सासूबाई म्हणाल्या. "परत ग्येली!"

त्या आवाजात हसू नव्हतं. मोडनिंबहून दुखऱ्या गुडघ्यांनी आलेल्या त्या म्हातारीने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. लेक दिसत नाही याचा दोष ती स्वतःच्या डोळ्यांना देत होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी धावत लाईटवाल्याकडे गेलो. "अहो, बाईंवर जरा लाईट टाका!"

"कुठल्या बाईंवर?" त्याने अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं.

आता एकच उपाय होता. पहिला प्रवेश संपला की पंधरा सेकंद अंधार होणार होता. तेवढ्यात सोफ्याचं कव्हर ओढून काढायचं! बाकं उघडी पडली तर पडोत, बायको तर दिसेल. अंधार झाला. मी चार पायांवर रांगत स्टेजवर शिरलो, हाताला कापड लागलं, ओढलं. येईना. पाय रोवून ओढलं. टर्रर्र!

"अहो!" अंधारातून वंदना कुजबुजली. "तो माझा गाऊन आहे!"

"तू मला कसं ओळखलंस?"

"दुसरं कोण असणार?"

आणि दिवे लागले. मी धडपडत उभा राहिलो, दोन पावलं मागं सरलो आणि भिंतीला चिकटलो. तेव्हा एकदम लक्षात आलं, की माझ्या अंगात तो हाफ शर्ट आहे! पँटही तपकिरी. ज्या अर्थी बायको दिसत नाही, त्या अर्थी मीही दिसणार नाही. मी श्वास रोखला, डोळे मिटले आणि भिंत झालो.

"अगं बया!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "जावयबापूंचं मुंडकं बी तितंच टांगलंय की!"

प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मी एक डोळा उघडला. वंदना माझ्याकडे बघत होती. दूध उतू गेल्यावर ती गॅसकडे जशी बघते, तशी. मला वाटलं, संपलं. आता ही आत निघून जाईल, आणि इतक्या वर्षांनी मिळालेलं तिचं नाटक माझ्यामुळे इथेच बुडेल.

ती गेली नाही. फाटलेला गाऊन एका हाताने सावरत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. न दिसणाऱ्या नवऱ्याला उद्देशून लिहिलेलं अख्खं स्वगत तिने मला ऐकवायला सुरुवात केली.

"बोला ना काहीतरी! मी काय भिंतीशी बोलते का?"

मी गप्प. (भिंतच होतो.)

"मी काही मागितलं की तुम्ही नाही म्हणत नाही. तुम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता. किती पुढची वर्षं गेली, मोजलीत?"

हे वाक्य संहितेत नव्हतं. मला नक्की माहीत आहे, कारण तालमीत संहिता माझ्याच हातात असायची. त्यापुढचीही सात-आठ वाक्यं संहितेत नव्हती. त्यातल्या एकात फ्लॉवरपॉटमधली बिलं होती आणि एकात, अगदी स्पष्टपणे, शाईच्या डागाला वाजवलेल्या टाळ्या होत्या. "परक्या माणसाच्या शर्टाचा डाग दिसतो तुम्हाला," ती म्हणाली. "मी दिसते का?"

नाट्यगृहातलं हसू कधी थांबलं कळलं नाही. आता कुणी कापडाकडे बघतच नव्हतं. चेहरा आणि दोन हात एवढंच तिच्याकडे होतं, आणि तेवढं तिला पुरून उरलं. तिचा आवाज चढला, फुटला, पुन्हा सावरला. मी भिंतीला टेकून घामाने निथळत होतो. बोलावं असं फार वाटत होतं, पण सुचत काही नव्हतं, आणि मध्येच बोललो तर ते अभिनयात धरतील की संसारात, तेही कळत नव्हतं.

पडदा पडायच्या आधी, त्या शांततेत, सासूबाईंचा आवाज आला. पहिल्यांदाच हळू.

"आता दिसली बग माजी वंदी."

आणि मग टाळ्या! सासूबाई गुडघे विसरून उभ्या होत्या.

संध्याकाळी निकाल लागला. नेपथ्याला बक्षीस नाही. परीक्षकांपैकी एका बाईंनी "कापडाने डोळ्यांना फार त्रास झाला" एवढाच शेरा दिला. अभिनयात प्रथम, वंदना. ती स्टेजवर गेली तेव्हा माझ्या सासूबाईंनी शेजारच्या तीन अनोळखी माणसांना "माजी लेक हाय, माजी!" म्हणून सांगितलं, आणि चौथ्याला शेंगाची चटणी बांधलेली पुडी दिली.

मग उत्तेजनार्थ पारितोषिकं सुरू झाली. परीक्षक माइकवर म्हणाले, "या एकांकिकेतला नवरा विसरता येत नाही. मागे उभा आहे, सगळं ऐकतोय, चेहऱ्यावर अपराधीपणा आहे, पण बोलत नाही, हलत नाही, कसलाही उपयोग नाही! इतका खरा नवरा मी रंगभूमीवर बघितला नव्हता. कृपया त्या कलावंताने वर यावं."

देशमुखबाईंनी मला ढकललं. मी गेलो. तोच शर्ट, तोच घाम.

"ही स्तब्धता साधायला किती तालमी कराव्या लागल्या?" परीक्षकांनी विचारलं आणि माइक माझ्यापुढे धरला.

इथेच सगळं कबूल करून टाकावं, सगळ्यांसमोर तिची माफी मागावी, असं ठरवून मी तोंड उघडलं. शेजारी उभ्या असलेल्या वंदनाने माइक स्वतःकडे घेतला.

"यांना तालीम लागत नाही," ती म्हणाली. "घरी रोजचाच प्रयोग असतो."

सभागृह हसून हसून कोसळलं. बोलायची संधी आत्ताच होती, हे मला पूर्णपणे समजत होतं. मी प्रशस्तिपत्र छातीशी धरलं आणि भूमिकेतून तसूभरही बाहेर न येता तसाच उभा राहिलो.