दोन वर्षांचा बिल्ला

ट्वायला आमच्या डोंगरातल्या छोट्या इस्पितळात मदतनीस म्हणून लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चादरी बदलायची, म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची आणि उरलेला वेळ माझ्या मागे मागे फिरायची. सलाइन लावायला कुणाची शीर सापडेना, की 'ओपलला बोलवा' अशी हाक येते. ती ओपल मी. अशा वेळी ट्रे घेऊन ट्वायला हमखास शेजारी उभी असे.

तिला नर्स व्हायचं होतं. गावच्या कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट पदवी होती, नाहीतर लांब लेक्सिंग्टन शहरात जाऊन चार वर्षांची बॅचलर. नर्सच्या परवान्याची परीक्षा दोन्हींना एकच. पण वरची खुर्ची चार वर्षंवालीला. हे मला कुणी सांगायला नको. मी दोन वर्षंवाली. मीच शिकवलेली एक चार वर्षंवाली पोरगी माझी साहेब झाली, त्या दिवशी नर्स झाल्यावर कॉलेजनं दिलेला बिल्ला मी बटणांच्या डब्यात टाकला.

"लेक्सिंग्टनला जा," मी बजावलं. "माझ्यासारखी राहू नकोस."

"आणि आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोण नेणार, मिस ओपल?"

"मावशी आहे की तुझी."

"मावशीला गाडी येते हो. पण अंथरुणातून उठून ती गाडीपर्यंत पोचली तर ना."

तिनं गावातच नाव घातलं. खोटं कशाला बोलू, मला राग आला. पुढं वर्षभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती मात्र दर शुक्रवारी माझ्या कपाटात कॉर्नब्रेडचा, मक्याच्या पावाचा, तुकडा ठेवून जायची. मी तो खायची आणि कामाला लागायची.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, ती म्हणाली, "माझ्या बिल्ल्याच्या समारंभाला या. येताना तुमचा लावून या."

मी डबा उपसला.

नव्या नर्सला बिल्ला कुणी लावायचा, हे आमच्याकडे तीच ठरवते. बहुतेकजणी आईला बोलावतात. ट्वायलाची आई गुलाबी स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसली होती, पण नाव पुकारलं गेलं माझं. मंचावर गेले तर माझ्या हातात द्यायला तिच्याकडे बिल्लाच नाही.

"मी नवा मागवलाच नाही," ट्वायला हळूच म्हणाली. "तुमचा काढा आणि मला लावा."

"वेडी का तू? हा दोन वर्षंवालीचा आहे."

"मग मी कोण आहे? बॅचलर नोकरी सांभाळून करीन, फॉर्म भरलाय. पण शीर सापडत नाही तेव्हा कुणाला बोलावतात, ते मी पाहिलंय. मला आधी ती व्हायचं होतं."

ज्याची मला इतकी वर्षं लाज वाटत होती, ते या पोरीनं सगळ्या गावासमोर हक्कानं मागून घेतलं. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. डोळ्यांना नीट दिसेना आणि बिल्ल्याची पिन तिच्या खांद्यात गेली.

"मिस ओपल," ती दात आवळून हसली, "आज पहिल्यांदा नेम चुकला तुमचा."