ऋषिपंचमीचा मोकळा हायवे

मला भाव करता येतो. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे पेणकरपाड्यात भाड्याच्या पत्र्याखाली बसून पुठ्ठ्याची खोकी चिकटवण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. कोणी हात धरून आणलं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, आणि तो चढला की बहुतेक वेळा समोरचा उतरतो. पण एक सौदा माझ्या हातून गेला, तो अजून घशात अडकलाय.

माझ्या गाळ्याला लागून एक मोठं गोदाम आहे. मालक सुरतेला, दाराला कुलूप. नागपूरची एक पंखे बनवणारी कंपनी मुंबई आणि गुजरातसाठी डेपोची जागा शोधतेय, पंखे सुटे आणून तिथेच खोक्यात भरणार, असं मला एका ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितलं. त्या रात्री झोप लागली नाही. खोक्याच्या धंद्याचं असं आहे की घडी घातलेलं खोकंसुद्धा टेम्पोत जागा खातं आणि वजन काही नसतं. म्हणजे भाडं भरायचं ते हवेचं. त्यामुळे डेपोच्या शेजारी जो बसलाय, खोक्यांचं काम त्याचंच. पंखे शेजारच्या गोदामात आले तर प्रत्येक पंख्याचं खोकं माझं. दुसरीकडे गेले तर दुसऱ्याचं.

कंपनीच्या साहेबांना मी फोन लावला. सुरतेचा मालक गप्प बसला असता, मी बसणारा नव्हे. म्हटलं, हायवे दारात. खाली मुंबई, वर गुजरात, घोडबंदरवरून ठाणं, तिथून भिवंडी, नाशिक, तुमचं नागपूर. विमानतळ सरळ रेषेत. लोकल आहे, मेट्रो आहे. यात एक अक्षर खोटं नाही. नकाशा उघडून बघा, सगळे रस्ते आमच्या अंगणातून जातात. खोटी होती ती फक्त मी सांगितलेली मिनिटं. ती पहाटेची होती. पण इथे सगळेच पहाटेची मिनिटं सांगतात. बिल्डर सांगतो, दलाल सांगतो, पाहुण्यांना जेवायला बोलावताना आपणही तीच सांगतो.

"एकदा येऊन पाहतो जी," साहेब म्हणाले.

मग मी डोकं लावलं. त्यांना ऋषिपंचमीला बोलावलं. गणपतीत इकडची रत्नागिरी-रायगडची माणसं गावाला जातात, बसा भरून जातात, गाड्या काढून जातात, आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहिसर चेकनाक्यावर माणूस आडवा झोपला तरी चालेल असा रस्ता असतो. नागपूरच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

त्यापायी मी स्वतः गावी गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा. बायकोमुलं गेली. मोठ्या भावाने फोनवर विचारलं, "देव पाटावर बसलाय आणि तू गिऱ्हाईक सांभाळतोयस?"

"दादा, हे काम झालं ना, पुढच्या वर्षी मखर मी आणतो."

"मखर बाजारात मिळतं. माणूस आण," म्हणाला आणि फोन ठेवला.

साहेब ठरल्या वेळेच्या आधी पोचले. पन्नाशी ओलांडलेले, शांत, हातात पाण्याची बाटली. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "बाप्पा! आम्हाला तर सारे सांगत होते का मुंबईत ट्राफिक लय राहते. मी तर विमानातून उतरलो अन् इथं आलो!"

मी नुसता हसलो. असं हसणं मला जमतं. त्यांना गोदाम दाखवलं, ट्रक वळवायची जागा दाखवली. ते खूश होते. मग म्हणाले, "चला, तुमचंही काम पाहू."

आणि इथे मी माती खाल्ली. माझ्या गाळ्यात चिटपाखरू नव्हतं. मशिनवर कापड, गोंदाची बादली कोरडी, भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे ताव. माझ्याकडच्या सगळ्या बायका राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या. मोकळ्या रस्त्याचा विचार केला, पण रस्ता मोकळा करून कोण गेलं याचा विचार केला नव्हता.

"कामगार कुठं आहेत?"

"गावी. गणपतीला."

"साऱ्याच?"

"साऱ्याच."

ते दारात गेले, हायवेकडे बघत उभे राहिले. पाणी प्यायले. "म्हणजे रस्त्यावरचेही तिकडंच गेले असतील न?" मी मशिनवरचं कापड सारखं करू लागलो. ते हसून म्हणाले, "दिवस मोठा हुशारीनं निवडला भाऊ तुम्ही. मी पुन्हा येतो. आता मात्र दिवस मी निवडीन."

अनंत चतुर्दशी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मी येऊन राहिलो. तुमचा हायवे दिसून राहिला, तुम्ही काही दिसत नाही." चेकनाक्याजवळ, मुंबईच्या बाजूला अडकले होते. पुढे ट्रक, मागे ट्रक. मी स्कूटर काढली, सर्व्हिस रोडने उलटा गेलो, दोन रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यांना गाडीतून उतरवून मागे बसवलं. ड्रायव्हरला म्हटलं, तू ये सावकाश. नागपूरच्या कंपनीचा एवढा मोठा माणूस, बॅग पोटाशी धरून माझ्या मागे, नाकाला रुमाल.

"हे रोजचं आहे?" त्यांनी कानाशी ओरडून विचारलं.

"आज जरा जास्त आहे."

"तुम्ही अजूनही पहाटेचंच सांगून राहिले न?"

मी स्कूटर खड्ड्यातून जरा जोरातच काढली.

गाळ्यात त्या दिवशी सगळ्या होत्या. त्यांच्यातली सर्वांत जुनी मावशी, जी माझ्या पत्र्याच्या दिवसांपासून आहे आणि मला ओरडायला घाबरत नाही, तिने गावाहून आणलेली फणसपोळी साहेबांच्या हातावर ठेवली. काम बघून ते खरंच खूश झाले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "भाऊ, तुमची जागा चांगली आहे. पण तुमच्या गावातून सारं जाते, थांबत काहीच नाही. आमचा माल बहुतेक गुजरातकडं जाणार. मग रोज ही कोंडी अन् तो खाडीचा पूल मी कशाला ओलांडू? खाडीच्या पलीकडं, नायगावकडं जागा पाहिली आहे. तिथं शेजारी गाळाही आहे. तुम्ही तिकडं या, सारी खोकी तुमची."

सारी खोकी माझी. मी लगेच भाव करायला बसलो. बायकांना न्यायला-आणायला बस लागेल, तिचं भाडं कंपनीने द्यावं. ते म्हणाले, अर्धं. मी आवाज चढवला. ते उतरले नाहीत, पण शेवटी हो म्हणाले, पूर्ण देतो. जिंकलो होतो मी. मावशीकडे वळून म्हटलं, "ऐकलंस? बस मिळणार. एसीची मागू का?"

ती गोंदाचा हात पुसत म्हणाली, "शेठ, बस दिलीत, रस्ता कुटनं देणार?"

"म्हणजे?"

"पोरांचे डबे करून चालत येते, चालत जाते. सांजच्याला त्या खाडीच्या पुलावर अडाकले तर घरात चूल कोण पेटवणार? आमी नाय येनार." मग साहेबांना म्हणाली, "सायेब, तुमचे पंखेच हिकडं आना की. पंख्याला काय वाटेत गरमी लागते?"

सगळ्या हसल्या. साहेबही हसले. मी हसलो नाही. "तुमच्यासाठी भांडतोय आणि तूच पाय ओढतेस?" असं मी त्यांच्यासमोर तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "वरडा. वरडून पूल रुंद होतो का बगा."

तिकडे नवी माणसं मिळाली असती, हे साहेबांनीही सांगितलं. पण पत्र्याखाली, पगार द्यायला हातात काही नसताना ज्या थांबल्या, त्यांना इथे टाकून मी खाडी ओलांडायची? त्या रागातच मी म्हटलं, "साहेब, नाही जमणार." त्यांनी हात मिळवला. स्कूटरवर बसायला मात्र तयार झाले नाहीत.

राग मावशीवर नाही. साहेबांवरही नाही. या शहरात आल्यापासून मी एकच ऐकतोय, रस्ता येतोय, पूल येतोय, मेट्रो येतेय, धंदा वाढणार. आलं सगळं, वरून गेलं, खालून गेलं. जागेचे भाव चढले, धूळ चढली. मुंबईला पंखे टाकून नायगावला परतणारे ट्रक आता माझ्या दारातूनच जातात आणि त्यांच्यामागे माझा टेम्पो भाईंदरच्या स्टीलच्या भांडीवाल्यांची खोकी घेऊन उभा असतो. फायदा आमच्या ठिकाणाचा, मुक्काम दुसऱ्याचा.

शेजारच्या गोदामाला अजून कुलूप आहे. सुरतेचा मालक परवा फोनवर म्हणाला, "शेठ, कोई पार्टी हो तो बताना." त्याला मी काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा गावी गेलो. मखर घेऊनच गेलो. ऋषिपंचमीला सकाळी ओटीवर दादा शेजारी येऊन बसला. "तुझा तो मोकळा रस्ता कसा असेल रे आत्ता?"

"माणूस आडवा झोपला तरी चालेल, असा," मी म्हटलं. "दाखवायला तिथे कोणी नाही."